उस्तादांची विद्या आणि विद्यापीठाचा पेपर

आमच्या उर्दू शाळेतून दहावी होऊन गेलेली एक विद्यार्थिनी सध्या विद्यापीठात संगीत विषय घेऊन शिकते आहे. मागच्या उन्हाळी सुट्टीत ती काही झेरॉक्स पाने घेऊन भेटायला आली. हकीम मुहम्मद करम इमाम यांच्या 'मादनुल मौसीकी' या उर्दू ग्रंथाची ती पाने होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लिहिलेला हा ग्रंथ १९२५ साली लखनौला छापला गेला. त्यात नवाबी लखनौमधील गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची माहिती आहे. उर्दू आम्हाला येत होती, राग तिला ठाऊक होते. दोन दुपारी बसून आम्ही ती पाने लावली. जाताना ती म्हणाली, "सर, आमच्या इतिहासाच्या पेपरात या माणसांविषयी दोन ओळीसुद्धा नाहीत."

तिचे हे बोलणे आमच्या मनातून गेले नाही. संगीत विद्यापीठात आले कसे आणि येताना वाटेत काय राहून गेले, याचा विचार त्यातून सुरू झाला.

संगीत शाळेत शिकवता येते, हे आपल्याकडे फार आधी करून दाखवणाऱ्यांत बडोद्याचे उस्ताद मौलाबख्श (१८३३-१८९६) होते. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ साली त्यांनी गायनशाळा काढली. तिथे ठरलेला वेळ होता, वर्ग होते, मौलाबख्शांनी तयार केलेली स्वरलिपी आणि क्रमिक पुस्तके होती. हीच शाळा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाली. उस्ताद म्हणजे विद्या लपवून ठेवणारा, असा जो सर्रास समज आहे, त्याला मौलाबख्शांचे हे एकच काम पुरेसे उत्तर आहे.

त्यानंतरचे मोठे नाव पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांचे. मुंबईच्या वाळकेश्वरचा हा मराठी वकील वकिली सोडून गावोगाव उस्तादांच्या दारात गेला. जयपूरच्या मुहम्मद अली खाँ यांच्या घराण्यातील आणि रामपूरच्या वजीर खाँ यांच्याकडील विद्या त्यांनी मिळवली. शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' आणि क्रमिक पुस्तकमालिका हे त्यांचे ग्रंथ मराठीत आहेत, ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांच्याच पुढाकाराने भरली. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले. तेच आजचे भातखंडे विद्यापीठ.

भातखंड्यांचे ऋण मोठे आहे. कुण्या खाँसाहेबांच्या घरात जन्म न झालेल्या मुलाला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रतिष्ठित घरातील मुलीला, संगीताचे दार त्यांच्यामुळे उघडले. आमची विद्यार्थिनी आज शिकते आहे तीही या कामामुळेच. पण त्यांच्या लिखाणात आणखी एक सूर वारंवार ऐकू येतो. उस्तादाकडे गळा आहे, शास्त्र नाही, असा तो सूर आहे. विद्या ज्याच्याकडून घ्यायची, त्यालाच अडाणी ठरवायचे, हे काही पटत नाही. संस्कृत ग्रंथात सापडेल तेवढेच शास्त्र, असे धरले की तालमीत पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली शिस्त शास्त्राच्या बाहेरच राहते.

वास्तविक लेखी शास्त्रही एका भाषेत कधी नव्हते. ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमरच्या काळातील 'मानकुतूहल'चा आधार घेऊन फकीरुल्लाहने सतराव्या शतकात फारसीत 'रागदर्पण' लिहिले. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहने 'किताब-ए-नौरस'मधील गीते दखनीत रचली, त्यांना राग नेमून दिले आणि त्यांत सरस्वतीची स्तुतीही केली. भातखंड्यांचे स्नेही राजा नवाब अली यांनी त्यांची पद्धती 'मआरिफुन्नगमात'मधून उर्दूत नेली. म्हणजे भातखंड्यांचे शास्त्रसुद्धा उर्दूत वाचले जात होते!

आज मात्र संगीताच्या विद्यार्थ्याला उर्दू-फारसी येत नाही आणि उर्दूच्या विद्यार्थ्याला 'यमन' ओळखता येत नाही. पहिला म्हणतो, ही लिपी माझी नाही. दुसऱ्याला घरातच सांगितले जाते की गाणे आपले नाही. दोघांच्या मध्ये ग्रंथ कपाटात धूळ खात पडतात.

उस्ताद अहमदजान तिरखवाँ यांची आठवण इथे येते. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबला वाजवलेल्या या कलावंताने पुढे लखनौच्या भातखंडे कॉलेजात अध्यापन केले. खाँसाहेबांच्या घराण्यातील तालीम आणि कॉलेजचा वर्ग एका छपराखाली नांदू शकतात, याचा हा पुरावा. मग इतिहासाच्या पेपरात ते का नांदू नयेत? विद्यार्थ्याला वादी-संवादी विचारावा. पण ही बंदिश कुणाच्या घरातून आली, कुणी दिली, कुणी लिहून घेतली, हेही विचारावे. संगीताच्या इतिहासाला बसणाऱ्याला निदान उर्दू वाचता येईल एवढी सोय विद्यापीठांनी करावी.

आणि आम्ही उर्दू शिक्षकांनी काय करावे? आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे. येत्या सुट्टीत ती विद्यार्थिनी उरलेली पाने घेऊन येणार आहे. या वेळी तिच्या वर्गातील दोन मुलेही सोबत येतील. एक ब्राह्मणाचा आहे, एक मराठ्याचा. त्यांना अलिफ-बे शिकवायला आम्ही तयार आहोत. बदल्यात त्यांनी आम्हाला सा-रे-ग-म शिकवावे, एवढीच आमची अट आहे.