कुकीची जन्मकथा आणि संमतीचा प्रश्न

कारखान्यात नव्याने लागलेल्या माणसाकडून फाटकावरच कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा घेण्याची चाल आम्ही उमेदीच्या काळात पुष्कळ ठिकाणी पाहिली. पुढे त्या कागदावर कधी राजीनामा लिहिला जाई, कधी हिशेब चुकता झाल्याची पावती. कामगार न्यायालयात मालकाचा वकील एवढेच विचारी, की सही याचीच आहे ना? सही त्याचीच असे. आज मोबाईलवर एखादे संकेतस्थळ उघडले की तळातून एक पट्टी वर येते आणि 'सर्व कुकी स्वीकारा' म्हणते, ती पाहताच आम्हांस तो कोरा कागद आठवतो. म्हणून हा विषय संगणकवाल्यांचा असे म्हणून सोडून न देता त्याचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचून काढला. तो जेमतेम तीस वर्षांचा आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ज्या जाळ्याची कल्पना मांडली, ते जाळे मुळात विसराळू होते. तुमच्या यंत्राने एक पान मागावे, पलीकडच्या यंत्राने ते द्यावे, की संबंध संपला. पुढच्या क्षणी दुसरे पान मागणारे तुम्हीच की आणखी कोणी, हे त्यास ठाऊक नसे. शास्त्रज्ञांनी एकमेकांचे निबंध वाचावे, एवढ्यापुरते हे ठीक होते. दुकान चालविण्यास ते पुरेना. गिऱ्हाइकाने टोपलीत एक वस्तू टाकून दुसरीकडे वळावे, तोच दुकानदार त्याची ओळख विसरलेला!

१९९४ च्या जूनमध्ये अमेरिकेतील नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली नावाच्या तरुण अभियंत्यापुढे हाच पेच आला. एमसीआय या दूरध्वनी कंपनीस जाळ्यावर दुकान मांडावयाचे होते, पण अर्धवट खरेदीचा हिशेब आपल्या यंत्रावर ठेवण्याची तिची तयारी नव्हती. माँटुली यांनी तोडगा काढला. दुकानाने गिऱ्हाइकाच्या ब्राउजरपाशी एक लहान चिठ्ठी द्यावी, ब्राउजरने ती जपावी आणि त्याच दुकानी जाताना दर खेपेस दाखवावी. गिरणीच्या फाटकावर बिल्ला दाखवावा तसेच हे. ब्राउजरने एकंदर तीनशे चिठ्ठ्या सांभाळाव्या, एका ठिकाणच्या वीस, आणि एकेक चिठ्ठी चार किलोबाइटांपर्यंतची, असे पहिल्या टिपणात आहे. अशा खुणेच्या चिठ्ठीस युनिक्सवर काम करणारे लोक आधीपासून 'मॅजिक कुकी' म्हणत, त्यावरून नाव पडले.

शोधकाच्या हेतूविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. प्रत्येक ब्राउजरला कायमचा एक क्रमांक द्यावा, हा सोपा मार्ग माँटुली यांस सुचला होता. परंतु त्याने माणसाचा सर्वत्र माग काढता येईल, म्हणून त्यांनी तो टाकला. बिल्ला ज्या गिरणीचा त्याच गिरणीत चालावा, ही मूळ शर्त होती. ऑक्टोबर १९९४ मध्ये नेटस्केपचा ब्राउजर निघाला आणि कुकी त्याच्यासोबत लोकांच्या घरांत गेली. कोणास विचारले नव्हते, सांगितलेही नव्हते. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'ने लेख छापला, तेव्हा सामान्य वाचकास प्रथम कळले की आपल्या यंत्रात कोणी चिठ्ठ्या ठेवून जातो.

तोवर शर्तीला पळवाट सापडली होती. आपण पाहतो ते पान एकाच ठिकाणाहून येत नाही. बातमी वर्तमानपत्राच्या यंत्रावरून येते, बाजूचे जाहिरातीचे चित्र तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रावरून येते आणि ते चित्र देताना ती कंपनीही आपली चिठ्ठी ठेवू शकते. उद्या तुम्ही औषधांचे पान उघडा, परवा नोकरीचे. तेथे त्याच कंपनीची जाहिरात असली की तीच चिठ्ठी तीस दाखविली जाते. एकच मुकादम शंभर गिरण्यांच्या फाटकांशी उभा राहून कोण कोठे गेला हे एकाच वहीत टिपतो, असा हा प्रकार. १९९६ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या डबलक्लिक कंपनीने याच वहीवर धंदा वाढविला. १९९९ मध्ये तिने अॅबॅकस ही टपालखरेदीची माहिती बाळगणारी कंपनी विकत घेतली आणि निनावी चिठ्ठ्यांना नावे-पत्ते जोडण्याचा घाट घातला. लोक खवळले, सरकारी चौकशी लागली आणि २००० साली तिला माघार घ्यावी लागली. पुढे २००८ मध्ये ती गूगलच्या मालकीची झाली.

आमच्या मते या इतिहासातील खरा प्रसंग त्याआधीचा, फेब्रुवारी १९९७ चा आहे. बेल प्रयोगशाळेचे डेव्हिड क्रिस्टल आणि स्वतः माँटुली यांच्या नावाने कुकीचा पहिला प्रमाण मसुदा निघाला. त्याचा क्रमांक २१०९. तिसऱ्याच्या चिठ्ठ्या ब्राउजरने घेऊ नयेत, आणि घेण्याची सोय ठेवलीच तर ती मुळात बंद असावी, असे त्यात होते. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही ते पाळले नाही. माँटुली यांनी पुढे आपली बाजू मांडली, की ही वाट बंद केली असती तर जाहिरातवाल्यांनी याहून छुपी वाट काढली असती. कुकी निदान दिसते, पुसता येते. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. तथापि ज्यांनी संघटनेत आयुष्य काढले त्यांस 'मुळात बंद' आणि 'मुळात चालू' यांतले अंतर समजावून द्यावे लागत नाही. वर्गणी पगारातून परस्पर कापली जाते तेथे सारे सभासद राहतात. दरमहा हाती आणून द्यावयाची असते तेथे निष्ठावंतही मागे पडतात. आम्हीही या सवयीचा फायदा घेतलेला आहे, हे कबूल करतो. असो.

मोबाईल आल्यावर वही अधिक जाडजूड झाली, कारण हे यंत्र माणूस उशाशी घेऊन निजतो. अॅपलचा सफारी ब्राउजर तिसऱ्याच्या चिठ्ठ्या पहिल्यापासून बव्हंशी नाकारी. पण गूगलने त्यातूनही फट काढली होती, हे फेब्रुवारी २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या जोनाथन मेयर यांनी दाखविले, आणि गूगलला सव्वादोन कोटी डॉलर्सचा दंड भरावा लागला. त्याच साली अमेरिकेतील व्हेरायझन या मोबाईल कंपनीने तर ग्राहकाच्या ब्राउजरला बाजूस सारून वाटेतच प्रत्येक मागणीवर त्याचा क्रमांक डकविण्यास आरंभ केला. ग्राहक कुकी पुसून टाकी. क्रमांक तोच राही, आणि एका जाहिरात कंपनीने त्याच्या आधारे पुसलेल्या कुकी पुन्हा उभ्या केल्या. माँटुली यांनी १९९४ मध्ये टाकून दिलेली कल्पना ती हीच. २०१६ मध्ये व्हेरायझनला साडेतेरा लाख डॉलर्स दंड झाला.

आज सफारी २०२० पासून तिसऱ्याच्या कुकी पूर्ण रोखतो. फायरफॉक्स माग काढणाऱ्या कुकी २०१९ पासून आपणहून रोखतो. आपल्याकडील बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड आणि त्यात क्रोम. गूगलने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत या कुकी बंद करू म्हटले, मुदत पुनःपुन्हा वाढविली आणि जुलै २०२४ मध्ये बेतच सोडला. तेव्हा क्रोमच्या सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या भागात जाऊन थर्ड-पार्टी कुकी आपल्याच हाताने रोखाव्या लागतात. तेथेच जुन्या कुकी पुसण्याचीही सोय आहे. पुसल्यावर लॉग-इन केलेल्या ठिकाणी पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो, इतकेच. गुप्त खिडकी उघडली म्हणजे आपण अदृश्य झालो, असे मात्र कोणी समजू नये. ती आपल्या फोनवर नोंद ठेवीत नाही, पलीकडचा ठेवतो.

युरोपने २००९ मध्ये संमतीचा नियम केला, त्यातून त्या पट्ट्या जन्मल्या. होकार एका दाबात आणि नकार चार पानांआड! फ्रान्सच्या नियामक संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये याच लबाडीबद्दल गूगलला पंधरा कोटी आणि फेसबुकला सहा कोटी युरोंचा दंड केल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यातील प्रमुख निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे. त्यात त्यांनी आणीबाणीतील ज्या निकालास चूक म्हटले, त्यावर त्यांच्या वडिलांचीही सही होती. त्यानंतर २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. कलम सहा म्हणते की संमती मोकळी, बिनशर्त आणि समजून दिलेली असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे. सूचना मराठीतही मिळण्याचा हक्क आहे. हे सारे वाचून आम्ही संतोषाने पान उलटले, तर पुढचेच कलम सात. ज्या कामांस संमतीची गरज नाही त्यांची यादी त्यात आहे, आणि त्या यादीत नोकरीच्या कारणासाठी व मालकाचे नुकसान टाळण्यासाठी वापरलेली माहिती आहे.