अननसाचे गोत्र

हल्ली रोपवाटिकांत ब्रोमेलियाड नावाची शोभेची झाडे मिळतात. वलगावच्या उन्हात ती सावलीतच जगवावी लागतात. बहुतेकांची पाने चक्राकार असून मधल्या पेल्यात पाणी साठते. तुरा एकदाच येतो. मग मूळ झाड हळूहळू वाळते व बुडाशी पिले फुटतात. एवढी खूण पटली की ध्यानात येते, ही तर अननसाची भावकी !

१४९३ साली कोलंबसाला अननस ग्वादलूप बेटावर आढळला. पुढे पोर्तुगीजांनी तो हिंदुस्थानात आणला. फिरंग्यांच्या बंदरांतले हे फळ आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरसाल हजारोंनी येते, अशी नोंद जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात केली आहे. ते पिकविणारे माळी कोण, हे आपल्याला ठाऊक नाही. शास्त्रज्ञांनीही या कुळाला नाव दिले ते ब्रोमेलियस या स्वीडिश वैद्याचे.

परंतु ‘अननस’ हा शब्द दक्षिण अमेरिकेतील तुपी लोकांच्या बोलीतून आला. पोर्तुगीज तेथे पोचण्यापूर्वीच ही माणसे अननस लावीत होती. त्यांचा शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि आज अमरावतीच्या बाजारात आपण तोच उच्चारतो. लावणाऱ्यांची नावे गेली. त्यांनी ठेवलेले नाव आपल्या तोंडी राहिले आहे.