याकोब, येशूचा भाऊ

बारा प्रेषितांतल्या दोन याकोबांशी याची गल्लत करू नये. हा यरुशलेममधल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीचा पुढारी, आणि शेवटपर्यंत नियमशास्त्र पाळणारा यहुदी.

इ.स. 62 मध्ये रोमन सुभेदार फेस्त वारला. नवा सुभेदार अल्बिनस अजून वाटेतच होता. तेवढ्यात प्रमुख याजक धाकटा हन्ना याने न्यायसभा भरवून याकोबाला दगडमाराची शिक्षा दिली. हन्ना सदूकी या यहुदी पंथाचा. मात्र त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन गेले ते नियमशास्त्राचे काटेकोर जाणकार असलेले यहुदी नागरिकच! राजा दुसरा अग्रिप्पा याने हन्नाला अवघ्या तीन महिन्यांत पदावरून दूर केले. सगळे यहुदी विरुद्ध सगळे ख्रिस्ती, ही सरधोपट मांडणी इथे साफ कोसळते.

हा वृत्तांत लिहिणारा इतिहासकार जोसेफसही यहुदीच होता.