बाबुराव पटेल आणि 'फिल्मइंडिया'

एप्रिल १९३५ मध्ये मुंबईत 'फिल्मइंडिया' या इंग्रजी मासिकाचा पहिला अंक निघाला आणि पुढची पंचवीस वर्षे हिंदी चित्रपटसृष्टी त्याच्या संपादकाला वचकून राहिली. हे संपादक म्हणजे बाबुराव पटेल. त्यांचा जन्म १९०४ चा, पालघरजवळच्या मासवणचा; मूळ आडनाव पाटील. औपचारिक शिक्षण फारसे झाले नव्हते. १९२६ च्या सुमारास 'सिनेमा समाचार' या पत्रातून ते चित्रपट-पत्रकारितेत शिरले आणि मासिक काढण्यापूर्वी 'किस्मत' (१९२९), 'महानंदा' असे काही चित्रपटही त्यांनी दिग्दर्शित केले. त्यामुळे स्टुडिओतले व्यवहार, उसनवाऱ्या आणि भांडणे त्यांना आतून ठाऊक होती.

मासिकाचे बाह्यरूपही देखणे होते. त्याची अनेक मुखपृष्ठे एस. एम. पंडित यांनी रंगवली. पंडित गुलबर्ग्याचे, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातले. आतली पाने निर्मात्यांच्या जाहिरातींनी भरलेली असत आणि गंमत अशी, की ज्या चित्रपटाची पानभर जाहिरात छापली, त्याचीच पुढे परीक्षणात सालटी काढली जाई. जाहिरात द्यावी तरी पंचाईत, न द्यावी तरी पंचाईत!

'बॉम्बे कॉलिंग' हे गावगप्पांचे सदर 'ज्यूडस' या टोपणनावाने येई. वाचक मात्र आधी उघडत ते प्रश्नोत्तरांचे पान. नट-नट्यांच्या खाजगी गोष्टींपासून स्वराज्यापर्यंत काहीही विचारावे आणि बाबुरावांनी दोन ओळींत चिमटा काढावा, असा तो मामला होता. त्या काळी मुंबईत 'मुसव्विर' साप्ताहिकाचे संपादन करणारे सआदत हसन मंटो यांनी बाबुरावांचे व्यक्तिचित्र लिहिले आहे. त्यांच्या इंग्रजी लेखणीचा तिखटपणा मंटोंसारख्या लेखकालाही भावला होता. एका लेखावर चिडून अभिनेत्री शांता आपटे छडी घेऊन बाबुरावांच्या कचेरीत शिरल्या, हा किस्सा तर अजूनही सांगितला जातो.

या परीक्षणांत कॅमेरा, संकलन किंवा चित्रचौकटीची चर्चा तुलनेने कमी असे. चित्रपट समाजाला काय शिकवतो आणि देशाची प्रतिमा कशी उभी करतो, हा बाबुरावांचा खरा निकष होता. म्हणूनच त्यांची सर्वांत परिणामकारक मोहीम एका परदेशी चित्रपटाविरुद्ध झाली. अलेक्झांडर कोर्डांच्या कंपनीच्या 'द ड्रम' (१९३८) मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या लोकांचे चित्रण साम्राज्याच्या सोयीने केलेले होते. त्यावर मुंबईत निदर्शने झाली, सरकारला प्रदर्शन थांबवावे लागले आणि 'फिल्मइंडिया'ने हा विषय लावून धरला. पुढच्या वर्षी 'गंगा दीन'लाही तसाच विरोध झाला.

देशी निर्मात्यांबाबत मात्र त्यांचा न्याय लहरी होता. आज डोक्यावर घेतलेला दिग्दर्शक उद्या धुळीला मिळे. त्यात मतभेद किती आणि रागलोभ किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. स्वतःच्या बाबतीत त्यांना ही कसोटी साधली नाही. पत्नी सुशीलाराणी यांना नायिका करून काढलेले 'द्रौपदी' (१९४४) आणि 'ग्वालन' (१९४६) चालले नाहीत. मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेल्या सुशीलाराणी उत्तम शास्त्रीय गायिका होत्या, आणि मासिकाच्या लेखन-संपादनाचा मोठा भारही त्यांनीच उचलला.

फाळणीनंतर बाबुरावांचे लिखाण अधिकाधिक राजकीय आणि कडवे झाले. मुसलमानांविषयीची त्यातली भाषा आज वाचवत नाही. १९६० च्या सुमारास मासिकाचे नावही 'मदर इंडिया' झाले आणि चित्रपट मागे पडला. १९६७ मध्ये ते मध्य प्रदेशातील शाजापूरमधून जनसंघातर्फे लोकसभेवर निवडून गेले. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. मासिक आणखी तीन वर्षे निघाले. सुशीलाराणी २०१४ मध्ये गेल्या.

तीस-चाळीसच्या दशकांतल्या कितीतरी चित्रपटांच्या प्रती आता उरलेल्या नाहीत. त्यांची कथा, पात्रे, जाहिराती शोधायच्या तर अभ्यासकांना 'फिल्मइंडिया'चे जुने अंक चाळावे लागतात. कित्येक चित्रपटांबद्दल हाती लागते ते बाबुरावांनी रागाने लिहिलेले एखादे पान.