महिनाभर थांबलेला व्यापार

१३४८ मध्ये प्लेगची महामारी एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रगुसा या छोट्या व्यापारी शहरात पोहोचली. आजचे हे दुब्रोव्हनिक. पुढच्याच वर्षी स्ट्रासबर्गमध्ये महामारीचा ठपका ठेवून शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. रगुसाचे पोट समुद्री व्यापारावर होते. बंदर कायमचे बंद ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून २७ जुलै १३७७ रोजी तिथल्या महापरिषदेने कायदा केला. प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्याने आधी महिनाभर शहराबाहेर, मर्कान बेटावर किंवा त्साव्तात गावी राहावे. गावकरी असो वा परका, नियम एकच. व्यापार थांबला नाही, फक्त उशिरा आत आला. पुढे उस्मानी सल्तनतीशी व्यापार करून हे शहर भरभराटीला आले. कायद्याने विचारले होते, ‘कुठून आलास?’ ‘कोण आहेस?’ असे नव्हे. २०२० च्या साथीत आपल्याकडे मात्र दुसरा प्रश्नच आधी विचारला गेला.