येलदरी, नांगल आणि मधला साठा

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या पायथ्याशी २२,५०० किलोवॅट क्षमतेचे वीजगृह आहे. तेथून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वर जलाशयात साठून मग कालव्यांस मिळते. विजेची निकड व पिकांची पाळी एका वेळी येत नाही. ती तफावत हा मधला साठा सोशितो.

पंजाबात नांगल येथे १९६१ पासून भाक्राच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन व त्यापासून खत होऊ लागले. तेथे मात्र वीजटंचाईची झळ थेट खतास लागे. २०२३ च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाने २०३० पर्यंत वार्षिक ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेविले आहे. किलोमागे सुमारे ५० युनिटे लागतात. सौरवीज दुपारी स्वस्त पडेल, पण कारखान्यास वायू रात्रीही हवा. तेव्हा वीजवाहिन्या व वायुनलिका यांच्या दरम्यान ‘सिद्धेश्वर’ कोठे बांधावयाचे आणि त्याचा खर्च कोणाच्या खाती घालावयाचा, हे आधी ठरले पाहिजे.