ओल्या कुरणांचा निचरा
जमिनीत साचलेले जादा पाणी बाहेर काढण्यास निचरा म्हणतात. पनवेल परिसरात गाढी नदी व खाडीलगतच्या सखल जमिनी पावसाळ्यात चिबड होतात. अशा कुरणात घोडे सतत चिखलात उभे राहिल्यास खूर मऊ पडून सडू लागतात. शिवाय टापांखाली माती दबून पाणी मुरणेही मंदावते. त्यामुळे पावसाळ्यात घोडे उंचवट्यावर ठेवून कुरणात उताराच्या दिशेने चर खणावे लागतात. मात्र भरतीच्या वेळी हे पाणी खाडीत उतरत नाही. यासाठी कोकणातील खारबंदिस्तीत उघाडी असते. तिची झडप भरतीला मिटते व ओहोटीला उघडते. २६ जुलै २००५ रोजी मुंबई परिसरात अतिवृष्टी व भरती एकत्र आल्याने पाणी तुंबले होते. उघाडीकडे जाणारा नाला भरावाने बुजल्यास कुरणातील चरही निरुपयोगी ठरतात.